सकाळी आठची सभा

संस्था नव्हती तेव्हा पिंपळगाव बसवंतच्या चौफुलीवर सकाळी साडेसातला बायका डबा बांधून उभ्या राहायच्या. मुकादम टेम्पो घेऊन यायचा, बोटाने मोजत माणसं निवडायचा आणि पुरेशी झाली की फळकं वर करायचा. उरलेल्या बायका आणखी अर्धा तास थांबायच्या, कारण कधी कधी दुसरा टेम्पो येई. मग घरी जाऊन दहा-साडेदहाला तोच डबा उघडून खायच्या. मी तेव्हा एका द्राक्षांच्या पॅकहाऊसमध्ये सुपरवायझर होते. नाशिकरोडहून येणारी माझी बस त्याच चौफुलीवर थांबायची, त्यामुळे हे रोज दिसायचं. मजुरी कमी होती हे तर होतंच. पण उद्या काम आहे की नाही हे आज माहीत नसलं, की माणूस काहीच ठरवू शकत नाही. दुधाचा रतीब लावावा का, मुलीला सायकल घ्यावी का, दुखरी दाढ कधी काढावी, सगळं लोंबकळत राहतं.

त्यातल्याच काही जणींनी पुढे महिला मजूर सहकारी संस्था काढली आणि मला सचिव म्हणून बोलावलं. काम सोपं होतं आणि किचकटही. पॅकहाऊसशी करार संस्थेने करायचा, मधे मुकादम नाही. दर शनिवारी संध्याकाळी पुढच्या आठवड्याची यादी फळ्यावर लावायची: कोण, कुठे, कोणत्या दिवशी. हंगामात द्राक्षांचं पॅकिंग, उन्हाळ्यात कांदा निवडणं, त्यानंतर बेदाणा. सगळ्यांना पाळीने काम. पहिली यादी लागली त्या महिन्यात एकीने मंगळवारी दाढ काढून घेतली, कारण तिची कामाची पाळी बुधवारपासून होती. संस्थेच्या वार्षिक अहवालात असल्या गोष्टी येत नाहीत. माझ्या वहीत ती नोंद आहे.

अठ्ठावन्न सभासद झाले आणि मग दार बंद झालं. तसा ठराव कोणी केला नव्हता, पण नवीन अर्ज आला की अध्यक्षबाई म्हणायच्या, पुढच्या मीटिंगला बघू. या अध्यक्षबाई म्हणजे संस्था काढणाऱ्यांतल्या पहिल्या. साठीच्या, शेतमजुरीत आयुष्य गेलेल्या, आवाज असा की दोन गल्ल्या पलीकडे जावा. सगळ्या त्यांना आक्का म्हणतात, मीही. त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. काम आहे तेवढंच, आणि माणसं वाढली की पाळ्या कमी होणार.

परवाच्या डिसेंबरात अर्ज आले ते अकरा बायकांचे. पेठ तालुक्यातल्या या बायका दरवर्षी छाटणीच्या वेळी मुकादमाबरोबर इकडे येतात, बागांच्या कडेला खोपटी घालून राहतात आणि बागेतलं काम संपलं की मुकादम नेईल तिकडे पुढे जातात. त्या वर्षी तो त्यांना गुजरातेत वीटभट्टीवर नेणार होता. अकराजणींत पुढाकार एकीचा होता. तिशी-बत्तिशीची, नवरा नसलेली, बोलायला थोडी, हाताला चपळ. तिने मागच्या जूनपासून मुलीला इथल्या शाळेत सातवीत घातलं होतं आणि त्यासाठी सगळा पावसाळा ती इथेच, मिळेल ते काम करत राहिली होती. वीटभट्टीवर गेली की मुलीची शाळा सुटणार, हे सांगायला कोणी ज्योतिषी लागत नव्हता. इथे राहायचं तर पॅकहाऊसमध्ये काम हवं, आणि पॅकहाऊसच्या गेटवर आमच्या यादीतल्या सभासदांनाच आत घेत. विमा, आरोग्य तपासणी, सगळं त्या यादीवर. मुकादमाचा टेम्पो जानेवारीच्या एका सोमवारी सकाळी दहाला निघणार होता. त्याआधी ती सभासद झाली तर राहणार, नाही तर जाणार.

आक्का मीटिंग बोलवेनात. आमच्या पोटनियमांत एक तरतूद आहे: बारा सभासदांनी सह्या करून मागणी केली तर अध्यक्षाला सर्वसाधारण सभा बोलवावीच लागते. तरुण सभासदांनी एकोणीस सह्या गोळा केल्या. मी नोटीस काढली. रविवार, सकाळी अकरा, संस्थेचं कार्यालय, विषय नवीन सभासद.

आता आमच्याकडची एक रीत सांगायला हवी, कारण सगळं तिच्यावरच अडलं. सभेला किमान निम्मे सभासद हवेत, याला गणपूर्ती म्हणतात. नेहमीच्या वार्षिक सभेला ती झाली नाही, तर सभा अर्धा तास तहकूब करतात आणि मग जितके असतील तितक्यांत घेतात. त्यामुळे अकराची सभा म्हणजे साडेअकराची, हे गावात लहान पोरालाही माहीत. अकराला येणारीला इतरजणी विचारतात, ‘घरात काम नव्हतं का गं?’ जुन्या नोटिशीत तहकुबीचं वाक्य छापलेलंच होतं. मी फाइलमधून ती नोटीस काढली, तारीख बदलली, विषय बदलला आणि वाटून टाकली.

अकराला चौघी आल्या. सव्वाअकराला मी हजेरीपुस्तकात लिहिलं, उपस्थिती चार, सभा तहकूब. साडेअकराला एक्केचाळीस जणी होत्या. भांडण चांगलं झालं. एकीने विचारलं की उद्या पेठहून आणखी पन्नास आल्या तर त्यांनाही घेणार का. दुसरीने तिला आठवण करून दिली की तिची स्वतःची आईसुद्धा निफाडहून पोटासाठीच आली होती. हात वर झाले: बाजूने सव्वीस, विरुद्ध पंधरा. आक्का विरुद्ध होत्या. पेठची ती दाराबाहेर पायरीवर बसली होती. तिला निकाल सांगितला तेव्हा ती नुसती मान हलवून उठली आणि मुकादमाला ‘मी येत नाय’ सांगायला गेली.

मी कार्यालयात एकटी बसून ठराव लिहायला घेतला. कोणत्या पोटनियमानुसार सभा झाली हे लिहायला क्रमांक हवा होता, म्हणून पुस्तिका उघडली. त्याच कलमाच्या खाली तीन ओळी होत्या. सभासदांच्या मागणीवरून बोलावलेली सभा तहकूब करता येत नाही. ठरल्या वेळेपासून पंधरा मिनिटांत गणपूर्ती झाली नाही, तर ती रद्द समजावी.

मी त्या ओळी तीनदा वाचल्या. अर्थ बदलला नाही. ज्या सभेत सव्वीस हात वर झाले ती सभा सव्वाअकरालाच संपली होती, आणि तसं मीच माझ्या हाताने लिहून ठेवलं होतं. चूक सभासदांची नव्हती. त्या नोटीस वाचून आल्या होत्या, आणि नोटीस माझी होती. इतकी वर्षं इतरांच्या याद्या तपासणारी मी, स्वतःचा कागद न वाचता वाटून मोकळी झाले होते.

दुपारी दोनला आक्कांच्या घरी गेले. त्या ओट्यावर मेथी निवडत होत्या. मी पुस्तिका पुढे धरली आणि काय झालं ते सांगितलं. त्यांनी काडी बाजूला टाकत विचारलं, “हे अजून कुणाला ठावं हाय?”

“मला.”

“तुम्ही बोलला नसता तर मला तरी कुठं कळलं असतं?” मग थोडा वेळ पानं खुडून म्हणाल्या, “मी हरले होते बाई. तुम्ही मला जिंकवून दिलं. जेवलात का?”

मी जेवले नव्हते. त्यांनी भाकरी वाढली. जेवता जेवता मी दिवस मोजले. नवीन मागणी, नवीन नोटीस, मधे सात पूर्ण दिवस. आज रात्रीच्या आत सगळ्यांच्या हाती नोटीस गेली, तर सोमवार ते रविवार सात दिवस भरतात आणि सभा त्यापुढच्या सोमवारी सकाळी घेता येते. त्याच सोमवारी, जेव्हा दहाला टेम्पो निघणार होता. उद्यावर गेलं तर संपलं. नोटिशीवर अध्यक्षाची सही लागते. मी तिथेच नवीन नोटीस लिहून ताटाशेजारी ठेवली आणि आक्कांना हिशेब सांगितला: बारा सह्या झाल्या की आजच वाटायची. त्यांना हवं असतं तर त्या दिवशी चष्मा सापडला नसता. त्यांनी चष्मा लावला, सही केली आणि म्हणाल्या, “माझं भांडण सभेत. कागदात नाय.”

तिथून खोपट्यांकडे गेले, कारण ज्या बाईने मुकादमाला नकार दिला तिला पहिल्यांदा कळायला हवं होतं. ती चूल सारवत होती. तिने सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे विचारलं, “टाइम तुमीच लिवला ना बाई? मंग तुमीच बदला. सव्वाअकरा खोडून टाका.”

सांगायला लाज नाही, हा विचार वाटेत माझ्याही डोक्यात येऊन गेला होता. उद्या कोणी तक्रार केली तर निबंधक कार्यालय ठराव रद्द करील आणि भर हंगामात तुम्हाला गेटवर अडवतील, असं मी तिला म्हणाले. तेही खरं होतं. पण ती माझ्याकडे बघत राहिली, तेव्हा खरं कारण सांगावं लागलं. मुकादमाच्या खिशात एक डायरी असते. कोण किती दिवस कामाला आलं ते तो त्यात लिहितो आणि त्याला वाटेल तेव्हा खोडतो. आमचं पुस्तक मी तसंच खोडायला लागले, तर तिला इकडे यायचं कारणच काय?

तिने सारवण पुरं केलं. “मी जाऊन त्याला इचारते, जागा ठिव म्हणून,” ती म्हणाली. “सोमवारपरेंत. तुमचं जमलं तर ठीक.” तिचा हिशेब बरोबर होता. मला तो टोचला, पण बरोबर होता.

संध्याकाळच्या आत नव्या मागणीवर बारा सह्या आणि नोटीस मिळाल्याच्या अठ्ठावन्न पोचपावत्या मिळवायच्या होत्या. मी गल्लीवार यादी केली आणि तिघी सभासदांना वाटून दिली. कोण घरी असेल, कोण लग्नाला गेली असेल, कोण मळ्यात राहते. या नोटिशीत तहकुबीच्या वाक्याच्या जागी मी जाड अक्षरात लिहिलेलं होतं: सभा आठ वाजता म्हणजे आठ वाजताच. हे वाचून एकीने विचारलं, “आणि नाय आलो तर पोलीस येणार का?” विरोधातली एक, चौकोनी बांध्याची, तोंडाने तिखट बाई सही करता करता म्हणाली की ती येणारच नाही, आणि तिच्याबरोबरच्याही येणार नाहीत. “निम्म्या लागतात ना? मंग बसा मोजत.” तिला नियम माझ्याइतकाच समजला होता. शेवटची पोच मिळाली तेव्हा शेवटची बस जायला दहा मिनिटं होती.

आठवडाभर मी एकच काम केलं. एकोणतीस माणसं आठच्या ठोक्याला एका जागी कशी येतील याचा विचार. वहीत प्रत्येक नावापुढे सकाळी आठला ती काय करते ते लिहिलं. एकीला नातवाला अंगणवाडीत सोडायचं, एकीला दूध घालायचं, एकीच्या सासूला इंजेक्शन. यादी पुरी झाल्यावर एक गोष्ट दिसली, जी खरं तर आधीच दिसायला हवी होती. निम्म्याहून जास्त नावांपुढे मी ‘पाणी’ लिहिलं होतं. आमच्या सभासदांची वस्ती टाकीच्या भोवती आहे, आणि सोमवारी नळ साडेसातला येतो. सभेची जागा मी नोटिशीत टाकीजवळचा ओटा अशी दिली होती. का, तर कार्यालयात अठ्ठावन्न जणी मावत नाहीत म्हणून. चांगली गोष्ट कधी कधी अशी न ठरवता होते. ती वाया जाऊ द्यायची नाही, एवढंच आपल्या हातात. मी घरोघरी सांगत सुटले: हंडा घेऊन या, नंबर लावा, ओट्यावर बसा. पाणीही होईल, सभाही.

सोमवारी पहाटेची पहिली बस पकडली. साडेसातला ओट्यावर सतरंजी, हजेरीपुस्तक, दोन पेन, आणि मोबाइल मधोमध, सगळ्यांना वेळ दिसेल असा. थंडी होती. बायका पदर डोक्यावरून घेऊन, स्वेटर घालून आल्या. बाजूने हात वर करणाऱ्यांपैकी चौघी येऊ शकत नव्हत्या. एकीची लेक नाशिकला सिव्हिलमध्ये बाळंत झाली होती, एक मनमाडला मुलाकडे गेली होती, दोघी तापाने पडल्या होत्या. विरोधातल्या पाचजणी येऊन बसल्या. आक्का आठला पाच मिनिटं असताना आल्या आणि अध्यक्षाच्या जागी बसल्या.

आठला मी मोजलं. अठ्ठावीस. पुन्हा मोजलं. अठ्ठावीसच.

रस्त्यापलीकडे मुकादमाचा टेम्पो आधीच येऊन उभा होता. पेठच्या अकराजणी त्याच्या आणि ओट्याच्या मधे, गाठोडी पायाशी ठेवून उभ्या होत्या. पुढाकार घेणारीने मुलीला शाळेचा गणवेश घातला होता. कुठे जायचं ते ठरलं नव्हतं, पण गणवेश घातला होता.

आठ वाजून सात मिनिटं. नळ ओट्यापासून वीस पावलांवर. आणि नळावर, आमच्याकडे पाठ करून, ती तिखट तोंडाची बाई हंडा भरत होती. तिचा नंबर होता, पाणी तर सोडता येत नाही. एका तरुण सभासदाने मला हळूच म्हटलं, ती इथेच आहे, लिहा ना हजर. मी म्हटलं, सही केल्याशिवाय हजर नाही. आक्कांनी मान डोलावली. मग तीच तरुण सभासद नळाकडे बघून मोठ्याने म्हणाली, “काकू, पाणी घेऊन या की जरा, गळा सुकला.”

“तुझ्या पेठवालीला सांग,” काकू वळूनही न बघता म्हणाल्या. बायका हसल्या. त्याही हसल्या असाव्यात, खांदे हलले. हंडा भरला. त्यांनी दुसरा लावला.

दहा मिनिटं झाली. मी काही बोलू शकत नव्हते. सचिवाला मत नाही, आणि असलं तरी त्या क्षणी माझं कोण ऐकणार? मी फक्त मोबाइलकडे बघत होते आणि आकडा बदलताना दिसत होता. अकरा. तेव्हा आक्का उठल्या. ओट्याच्या कडेला गेल्या आणि तो दोन गल्ल्या जाणारा आवाज काढला.

“अगं ए, मीबी नाहीच म्हणणारे. पण म्हणायला इथं आले. तुला नाय म्हणायचं तर इथं येऊन म्हण. हंड्याला सांगून काय उपेग?”

काकू थांबल्या. “आले तर तुमची सभा भरती ना.”

“भरू दे की. चौफुलीवर आपुन उभ्या राहायचो तवा कुणी इचारलं होतं का आपल्याला, हो का नाय? आता इचारायलेत तर नळामागं लपती.”

पाणी हंड्याच्या काठावरून वाहायला लागलं. काकूंनी नळ बंद केला नाही, कारण मागे नंबर होता. मागच्या बाईने आपला हंडा सरकवून त्यांचा बाजूला घेतला. काकू हात पदराला पुसत वीस पावलं चालून आल्या, माझ्या हातातलं पेन जवळजवळ हिसकावलं आणि सही केली. वर मला म्हणाल्या, “टाइम बी लिहा नीट.” मी लिहिलं. आठ वाजून तेरा मिनिटं, उपस्थिती एकोणतीस.

सभा भरली आहे म्हटल्यावर घरात बसण्यात अर्थ उरला नाही, आणि विरोधातल्या आणखी सहाजणी लगबगीने आल्या. काकूंनी भाषण केलं, आणि ते चांगलं होतं. आपण उपाशी होतो तेव्हा कोणी जागा दिली नाही, ती आपण केली, आता वाटून टाकली तर आपल्या लेकींना काय, असं त्या म्हणाल्या. उत्तर दिलं त्याच तरुण सभासदाने. मुकादमाकडे स्वस्तात राबणाऱ्या अकरा बायका जोवर आहेत, तोवर पॅकहाऊसवाला आपल्याला दर वाढवून देणार नाही. त्यांना बाहेर ठेवलं तर त्या आपल्याविरुद्ध उभ्या आहेत, आणि आत घेतलं तर आपल्या बाजूने. एवढं बोलून ती बसली. हात वर झाले. बाजूने बावीस, विरुद्ध तेरा. आक्कांचा हात तेरांमध्ये होता, सरळ वर, कोपरातून न वाकलेला. ठराव मंजूर झाल्याचं त्यांनीच जाहीर केलं.

अकराजणींपैकी चौघी तरीही टेम्पोत चढल्या. त्यांची घरंच्या घरं भट्टीवर चालली होती, त्यांना दोष देता येत नाही. सात राहिल्या. पॅकहाऊसला नऊला पोचायचं होतं म्हणून मी अर्ज भराभर पुढे केले आणि सही कुठे करायची तिथे बोट ठेवलं. सहाजणींनी केल्या. पुढाकार घेणारीने पेन खाली ठेवलं.

“वाचून दावा,” ती म्हणाली.

मी म्हटलं, वेळ नाही, नेहमीचंच आहे. मग माझ्याच बोलण्याने मी ओशाळले. सगळा अर्ज वाचून दाखवला. सभासदाचे हक्क, सभासदाची कर्तव्यं, पाळी कशी लागते, काढून टाकायचं असेल तर आधी काय काय करावं लागतं. टेम्पोवाल्याने दोनदा हॉर्न वाजवला. तिने शेवटच्या मुद्द्यावर थांबवून विचारलं, सभा बोलवायला बारा सह्या लागतात त्यात तिची सही चालेल का, आणि कधीपासून. मी म्हणाले, आजपासून. तिने सही केली, तीन अक्षरं, सावकाश. मग मुलीच्या पाठीवर हात ठेवून तिला शाळेच्या रस्त्याला लावलं आणि टेम्पोकडे जाऊन मुकादमाला काहीतरी एक वाक्य सांगितलं. दहा वाजायची वाट न बघता टेम्पो निघाला.

त्या हंगामात प्रत्येकीच्या पाळ्या थोड्या कमी झाल्या. आक्कांचं म्हणणं खरं ठरलं. फेब्रुवारीत काकूंनी मला ते यादीसमोर उभं करून मोजून दाखवलं आणि विचारलं, आता पुढे काय? मी वही उघडली आणि हायवेलगतच्या ज्या कोल्ड स्टोरेजमध्ये उन्हाळ्यात अजून मुकादमाच्याच बायका जातात, त्यांची यादी त्यांच्यापुढे ठेवली. सात ठिकाणं होती. काकूंनी वही माझ्या हातून घेतली, दोन नावांवर काट मारली कारण तिथला मालक त्यांच्या माहितीतला खडूस होता, आणि उरलेल्या पाचांपैकी पहिल्यावर बोट ठेवून म्हणाल्या, “इथं उद्या सकाळी. मी येते. पेठवालीलाबी घ्या, तिला वाचून घ्यायची खोड हाय.”

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघी कराराचं विचारायला गेलो. पहिल्या ठिकाणी नकार मिळाला. दुसऱ्या ठिकाणी मालक जेवायला गेला होता, म्हणून गेटवर बसून राहिलो.